सेव्हर्नड्रूग कॅसल, लंडन: देखाव्याला चार, शिलालेखाला दोन

आग्नेय लंडनमध्ये शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्याजवळ ओकच्या दाट रानात विटांचा एक तिकोनी मनोरा उभा आहे. नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे हर्णैसमोरच्या आपल्या सुवर्णदुर्गाचंच इंग्रजी जिभेवर चढलेलं रूप. १७५५ साली तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेणारा कमोडोर सर विल्यम जेम्स १७८३ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या विधवेनं, लेडी अ‍ॅन जेम्सनं, हे स्मारक बांधून घेतलं. लंडनला येणारी मराठी माणसं अलीकडे इथे हटकून जातात. त्यातली निम्मी खूश होऊन परततात, निम्मी तोंड पाडून. असं का होतं आणि जायचंच तर कसं जावं, त्यासाठी हे परीक्षण.

आधी एक भ्रम काढून टाकू. नावात कॅसल असलं तरी हा किल्ला नाही. तट नाही, खंदक नाही, चोरवाट नाही. आहे तो ६३ फुटी, म्हणजे साधारण १९ मीटरचा मनोरा. त्रिकोणी तळ, तिन्ही कोपऱ्यांना छोटे षट्कोनी बुरूज, टोकदार कमानींच्या खिडक्या आणि वर शोभेचा दंतुर कठडा. रिचर्ड जप हा ईस्ट इंडिया कंपनीचा वास्तुरचनाकार, आराखडा त्याचा. धनिकांनी बागेत हौसेनं बांधलेल्या शोभेच्या इमारतींची त्या काळी इंग्लंडमध्ये फॅशन होती आणि हा त्यातलाच एक नमुना. स्थानिक लोक पूर्वी याला ‘लेडी जेम्सचं खूळ’ म्हणत. रायगड-सिंधुदुर्ग डोळ्यांसमोर ठेवून आलात तर वीस मिनिटांत ‘एवढंच?’ म्हणाल. स्मारक म्हणून, आणि लंडन उंचावरून बघायची एक स्वस्त जागा म्हणून आलात तर दोन तास मजेत जातील.

जायची वाट सोपी आहे, पण नकाशाच्या ॲपवर डोळे मिटून विसंबू नका. मनोऱ्यापर्यंत बस जात नाही, शेवटचा टप्पा रानातून पायीच. जुबिली लाइनच्या नॉर्थ ग्रिनिच स्टेशनवरून ४८६ नंबरची बस किंवा लुइशमवरून ८९ नंबरची बस धरायची. दोन्ही शूटर्स हिलच्या चढावर मेमोरियल हॉस्पिटलच्या बाजूनं जातात. तिथे उतरून रस्त्याच्या दक्षिणेकडच्या कॅसलवुड या रानात शिरायचं. दिवसभर ग्रिनिचमध्ये असाल तर डीएलआरनं (डॉकलँड्सच्या छोट्या रेल्वेनं) लुइशमला या आणि तिथून ८९ पकडा, हे उलटसुलट बस बदलण्यापेक्षा बरं. चढ थोडाच आहे, पण पाऊस पडून गेला असेल तर चिखल ठरलेला. देवळात जायच्या चपला किंवा पांढरे बूट घालून येणाऱ्यांची पंचाईत होते. बाबागाडी मनोऱ्याच्या दारापर्यंत येते, आत मात्र तिचा उपयोग शून्य.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते वाराच्या बाबतीत. हा मनोरा सरकारी संग्रहालयासारखा रोज उघडा नसतो. तो एक धर्मादाय विश्वस्त मंडळ चालवतं आणि दारावर, जिन्यात, गच्चीत स्वयंसेवक असतात. सर्वसामान्यांसाठी मुख्य दिवस रविवार. तोही लग्नासाठी किंवा खासगी कार्यक्रमासाठी इमारत दिली असेल, किंवा वारा फार असेल, तर गच्ची बंद. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर त्या रविवारची वेळ बघायची, मगच घर सोडायचं. मंगळवारी दुपारी जाऊन बंद दाराचा फोटो टाकणाऱ्यांनी एक तारा देऊन जागेला नावं ठेवायची, यात अर्थ नाही.

तिकीट लंडनच्या मानानं किरकोळ आहे. काचेच्या गगनचुंबी इमारतींच्या माथ्यावर नेऊन जे दाखवतात त्याच्या काही अंशात इथे भागतं. पायऱ्या ८६, जिना अरुंद आणि वळणाचा, लिफ्ट नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-वडिलांना आणणार असाल तर आधी त्यांना हे सांगा. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच वेळी जिन्यात नीट मावत नाहीत, त्यामुळे स्वयंसेवक सांगतील तेव्हाच चढायचं. चढताना मधल्या मजल्यांवरच्या खोल्यांत थांबता येतं. तिथे छताकडे मान वर करून बघा, गिलाव्यातलं नक्षीकाम सुरेख आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या वर्णनांत खालच्या दालनात हिंदुस्थानातून आणलेली चिलखतं, ढाली आणि भाले मांडल्याचा, आणि वरच्या खोलीच्या छतावर जेम्सच्या आरमारी लढाया रंगवल्याचा उल्लेख येतो. आज यातलं काहीच तिथे नाही. सुवर्णदुर्गावरची एखादी तलवार बघायला मिळेल या आशेनं जाऊ नका.

गच्ची मात्र नाव ठेवायला जागा ठेवत नाही. टेकडीच मुळात समुद्रसपाटीपासून सुमारे १३२ मीटर उंच, तिच्यावर हा मनोरा, त्यामुळे नजर ओकच्या शेंड्यांवरून थेट बाहेर पडते. वायव्येला कॅनरी व्हार्फचे मनोरे आणि शार्ड, पूर्वेला स्वच्छ हवेत डार्टफर्डचा तारांनी तोललेला पूल, मध्ये थेम्सचं वळण. ‘सात परगणे दिसतात’ ही जाहिरात जुनी आहे, आणि हवा चांगली असेल तर ती खोटीही नाही. दुर्बीण न्या. दुपार कलली की ऊन शहराच्या बाजूनं डोळ्यांत येतं, तेव्हा दार उघडल्या उघडल्या जा. हिवाळ्यात पानं झडलेली असल्यानं जवळचं रानही खोलवर दिसतं. पण वारा असा असतो की टोपी हातात धरूनच उभं राहावं लागतं.

या उंचीचा उपयोग देखाव्यापलीकडेही झाला. लंडन आणि पॅरिस इथल्या वेधशाळा त्रिकोणांनी जोडायची मोजणी १७८४ ते १७९० मध्ये झाली. त्या कामात जनरल विल्यम रॉय यांनी हा मनोरा वापरला, आणि रॅम्सडेनच्या कारखान्यातला तो ३६ इंची अवजड थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, त्याच मोहिमेतला. १८४८ मध्ये लंडनच्या मोजणीसाठी लष्करी अभियंतेही इथे वर चढले. खांब-शिडीपेक्षा पक्की इमारत बरी, हा साधा हिशेब.

आता त्या शिलालेखाकडे वळू, कारण मराठी माणूस तिकीट काढतो ते त्याच्यापायी. दारावरच्या फलकात म्हटलंय ते असं: १७८४ मध्ये ही इमारत दिवंगत सर विल्यम जेम्स यांच्या प्रतिनिधीनं उभारली. कंपनीच्या आरमाराचं नेतृत्व करताना पूर्वेकडच्या समुद्रांत त्यांनी केलेल्या पराक्रमांची ही आठवण, आणि विशेषकरून मलबार किनाऱ्यावरचा सेव्हर्नड्रूगचा किल्ला त्यांच्या श्रेष्ठ शौर्यापुढे आणि कुशल नेतृत्वापुढे २ एप्रिल १७५५ रोजी पडला, याची ही नोंद. बायकोनं पैसे घातले, तरी तिचं नाव नाही, नुसती ‘प्रतिनिधी’. ‘मलबार’ वाचून चिडू नका, त्या काळचे इंग्रज मुंबईपासून कन्याकुमारीपर्यंतच्या सगळ्या किनाऱ्याला सरसकट मलबारच म्हणत. चिडायचंच असेल तर फलकात जे नाही त्यावर चिडा.

फलकात पेशवा नाही. मोहीम मुळात पेशव्यांची होती. कान्होजी आंग्रे १७२९ साली गेल्यावर मुलांत फाटाफूट झाली. मानाजी कुलाब्याला, तर दक्षिणेकडचा मुलूख आधी संभाजीकडे आणि त्याच्यानंतर तुळाजीकडे. तुळाजी विजयदुर्गावरून कोणालाच जुमानत नव्हता, पेशव्यांनाही नाही आणि कंपनीच्या जहाजांनाही नाही. त्याला आवरायला नानासाहेब पेशव्यांच्या वतीनं कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांनी मार्च १७५५ मध्ये मुंबईच्या गव्हर्नर बोर्शियरशी करार केला. समुद्रावर इंग्रज, जमिनीवर पेशव्यांची फौज. मोबदल्यात इंग्रजांना बाणकोट.

जेम्स २२ मार्चला मुंबईहून निघाला. त्याच्याकडे चार जहाजं: ४४ तोफांचं ‘प्रोटेक्टर’, १६ तोफांचं ‘स्वॅलो’ आणि ‘व्हायपर’ व ‘ट्रायम्फ’ ही बॉम्बगोळे फेकणारी दोन गलबतं. वाटेत पेशव्यांच्या आरमाराची गुराबं आणि गलबतं येऊन मिळाली. ही जहाजं सावकाश चालतात म्हणून इंग्रजांनी आपल्या कागदांत भरपूर कुरकुर केली आहे, आणि ती अगदीच बिनबुडाची नसावी. हर्णैजवळ उभं असलेलं तुळाजीचं आरमार त्या उशिरात निसटलं. जेम्सनं जयगडच्या दिशेनं पाठलाग केला, पण हाती काही लागलं नाही, म्हणून तो किल्ल्याकडे परतला.

पुढे जे घडलं ते समजून घ्यायला सुवर्णदुर्गाची ठेवण डोळ्यांसमोर हवी. बेटाच्या पश्चिमेला उघडा समुद्र, आणि तट बराचसा मूळच्या खडकातूनच तासलेला. महादरवाजा मात्र पूर्वेला, किनाऱ्याकडे तोंड करून. समोरच्या किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवागड हे तीन उपदुर्ग. म्हणजे बेट आणि किनारा यांच्यामधल्या उथळ पाण्यात जो शिरेल तो दोन्हीकडच्या तोफांच्या मध्ये सापडणार. जेम्सनं पहिल्या दिवशी पश्चिमेकडून मारा केला. खडकावर गोळे फुटत राहिले, तट ढिम्म. दुसऱ्या दिवशी त्यानं डाव बदलला आणि जहाजं थेट त्या उथळ खाडीत, बंदुकीच्या टप्प्यात नेऊन उभी केली. मुंबईच्या वरिष्ठांनी त्याला जहाजं धोक्यात घालू नकोस अशी ताकीद दिली होती. ती त्यानं मोडली, आणि मोडली म्हणूनच जिंकला. आतल्या गवती छपरांवर एक गोळा पडून आग लागली, ती दारूकोठारापर्यंत पोचली आणि कोठार उडालं. त्यानंतर किल्ला फार काळ तग धरू शकला नाही. फलकावर २ एप्रिल अशी एकच सुटसुटीत तारीख कोरली आहे. मारा मात्र एका दिवसात आटोपला नव्हता.

या सगळ्यात शौर्य होतं हे मान्य करायलाच हवं. वाळूच्या पट्ट्यात ४४ तोफांचं जहाज घुसवणं हा जुगार होता. जहाज रुतलं असतं तर ओहोटीत ते तिथेच चिंध्या होईपर्यंत उभं राहिलं असतं. पण तो जुगार खेळता आला तो जमिनीकडची बाजू पेशव्यांच्या लोकांनी धरून ठेवली होती म्हणूनही. ती बाजू मोकळी असती तर उपदुर्गांना रसद आणि माणसं मिळत राहिली असती आणि मधल्या पाण्यात उभ्या जहाजांचा बोऱ्या वाजला असता. फलकातून ही बाजू गाळल्यामुळे जेम्सचा पराक्रम मोठा होत नाही, नुसता न समजण्यासारखा होतो. शिलालेखाला पाचपैकी दोन देण्याचं कारण हे. एक गुण अक्षरांना, एक तारखेला.

सुवर्णदुर्ग ठरल्याप्रमाणे पेशव्यांकडे गेला. बाणकोट त्याच एप्रिलमध्ये लढाईशिवाय हाती आला, आणि इंग्रजांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया केलं. पुढच्या अंकाचा नायक जेम्स नव्हे, पण पाया त्यानंच घातला. १७५५ च्या अखेरीस तो विजयदुर्गाची टेहळणी करून आला आणि म्हणाला, दबदबा आहे तेवढा किल्ला अवघड नाही. त्या भरवशावर ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर हल्ला केला. आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून खाक झालं. लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली, पेशव्यांच्या पदरात काही पडू दिलं नाही. किल्ला परत मिळवायलाही पेशव्यांना त्या ऑक्टोबरचा पुण्याचा तह करावा लागला. तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच मेला. नानासाहेबांनी मराठी आरमार आपल्या हातानं बुडवलं की बंडखोर सरदाराला धडा शिकवला, हा वाद आपल्याकडे दीडशे वर्षं चालू आहे आणि शूटर्स हिलवर तो मिटणार नाही. तिथे जाताना तो माहीत मात्र असावा.

जेम्स माणूस म्हणून कोण होता, हे मनोऱ्यात शोधत बसू नका, इथेच सांगून टाकतो. तो ब्रिटिश शाही आरमाराचा अधिकारी नव्हता. तो कंपनीच्या ‘बॉम्बे मरीन’चा. वेल्समधल्या पेंब्रुकशरचा, गिरणीवाल्याचा मुलगा असं मानतात. १७४७ मध्ये कंपनीच्या नोकरीत शिरला आणि १७५१ मध्ये बॉम्बे मरीनचा प्रमुख झाला. त्याची सगळ्यात हुशारीची कामगिरी माझ्या मते सुवर्णदुर्ग नव्हेच, ती आहे १७५६-५७ ची बंगालची फेरी. फ्रान्सशी युद्ध जाहीर झाल्याची बातमी वॉटसनला बंगालमध्ये पोचवायची होती आणि ईशान्येचा वारा समोरून. नेहमीच्या वाटेनं वाऱ्याशी झगडत बसण्याऐवजी तो मुंबईच्या रेखावृत्तावरूनच विषुववृत्त ओलांडून सरळ दक्षिणेला दहाव्या अंशापर्यंत उतरला. तिथल्या वाऱ्यावर पूर्वेकडे सुमात्राच्या टोकाच्या, आचेनच्या रेखावृत्तापर्यंत गेला, आणि मग तोच ईशान्य वारा बाजूला घेऊन गंगेच्या मुखाशी आरामात वर चढला. लांबचा वळसा, पण लवकर पोचवणारा. मोसमाविरुद्ध बंगाल गाठता येतं, हे त्यानं करून दाखवलं. फलकात याचा उल्लेख ‘पराक्रमांची आठवण’ या मोघम शब्दांत बुडाला आहे.

१७५९ च्या सुमारास तो गब्बर होऊन इंग्लंडला परतला. एल्टमला, म्हणजे या टेकडीच्या पायथ्याशी, पार्क फार्म प्लेस ही मालमत्ता घेतली. कंपनीचा संचालक, १७७४ पासून वेस्ट लूचा खासदार, १७७८ मध्ये बॅरोनेट, पुढच्या वर्षी कंपनीचा अध्यक्ष. डिसेंबर १७८३ मध्ये, मुलीच्या लग्नाच्या दिवशीच, मेंदूच्या झटक्यानं गेला असं सांगतात. मनोऱ्याची जागा लेडी जेम्सनं घराजवळची निवडली, हे उघड आहे.

इमारत आज उभी आहे याचं श्रेय मात्र शेजाऱ्यांना. १९२२ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलनं ती घेतली आणि खाली चहाघर चालू झालं. १९८६ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिल बरखास्त झाल्यावर दारं-खिडक्या फळ्या ठोकून बंद झाल्या. २००२ मध्ये ती कचेऱ्यांसाठी बिल्डरला द्यायचा घाट घातला गेला, तेव्हा आसपासच्या लोकांनी ओरडा केला, पुढच्या वर्षी विश्वस्त मंडळ स्थापलं, लॉटरी निधीतून पैसा आणला आणि जुलै २०१४ मध्ये दार उघडलं. आपल्याकडच्या जलदुर्गांच्या अवस्थेकडे बघता ही गोष्ट हेवा वाटावा अशी आहे.

तळमजल्यावर चहा-कॉफी आणि केक मिळतो. जेवणाची सोय मात्र नाही. भूक असेल तर मनोऱ्याच्या दक्षिणेच्या बागेतून उतरून कॅपिटल रिंग या पायवाटेनं चालत राहा. खांबांवर बिग बेनचं चिन्ह दिसत राहील, तीच खूण. जॅकवुड ओलांडून ऑक्सलीज मेडो हे मोठं गवताळ मैदान लागतं आणि त्याच्या वरच्या टोकाला कॅफे आहे. तिथून फॉकनवुड स्टेशन जवळ आहे, लंडन ब्रिजची गाडी मिळते. म्हणजे येताना बस, जाताना रान आणि रेल्वे, अशी दुपार नीट बसते. दम असेल तर वुलिचच्या पायी भुयारापासून सुरुवात करून फॉकनवुडपर्यंतचा कॅपिटल रिंगचा अख्खा पहिला टप्पा, सुमारे ११ किलोमीटर, चालता येतो आणि मनोरा मधे लागतो.

जेम्सचा चेहरा बघायचा असेल तर रेनॉल्ड्सनं काढलेलं त्याचं तैलचित्र ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमच्या संग्रहात आहे. ते दालनात लावलेलं आहे की कोठीत, हे मात्र जाण्याआधी विचारून घ्या. आणि जाण्याआधी नेटवर चित्रं शोधणाऱ्यांना आणखी एक सूचना. बंगळूरजवळचा सावनदुर्ग कॉर्नवॉलिसच्या फौजेनं १७९१ मध्ये घेतला. जुन्या इंग्रजी चित्रांखाली त्याचं नावही याच्याशी मिळत्याजुळत्या स्पेलिंगनं छापलेलं असतं. उंच एकसंध कातळ दिसला तर तो सावनदुर्ग, समुद्र दिसला तर आपला.

खरा सुवर्णदुर्ग अजून पाहिला नसेल तर क्रम उलटा करा, आधी हर्णै, मग लंडन. हर्णै दापोली तालुक्यात आहे. पावसाळ्यात होड्या बंद, त्यामुळे ऑक्टोबरअखेर ते मेपर्यंतचाच काळ. बंदरावर होडीवाल्याशी जाण्या-येण्याचा आणि किल्ल्यावर थांबण्याचा मिळून एकच दर आधी ठरवून घ्यायचा, नाहीतर परतीला घासाघीस होते. धक्का नाही. होडी महादरवाज्यासमोरच्या वाळूला लागते आणि गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. वर पिण्याचं पाणी किंवा खाणं मिळत नाही, आणि आत झुडपं इतकी माजलेली असतात की पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. दरवाज्याच्या पायरीवरचं कासव आणि भिंतीवरचा मारुती बघून झाल्यावर तटावर पूर्वेच्या बाजूला जा, खाली ते मधलं उथळ पाणी आणि पलीकडे कनकदुर्ग दिसतो. ओहोटीला गेलात तर जेम्सनं किती पाण्यात जहाज घातलं होतं याचा अंदाज येतो, पण ओहोटी पुरती लागण्याआधी परत निघा, होडी वाळूत बसली की भरतीपर्यंत तासन्‌तास थांबावं लागतं.